बाळंतपणाची रजा: तारखा कशा मोजायच्या, अर्ज कसा द्यायचा आणि तोवर कामावर काय जपायचं

बाळंतपणाच्या रजेवरून ऑफिसात जे वाद होतात, त्यांतले बरेचसे तारखांचे असतात. रजा कोणत्या दिवसापासून धरली, अर्ज कधी दिला, तो मिळाल्याची पोच आहे का, इथेच गाडी अडते. म्हणून सुरुवात प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करा. पाळीवरून एक तारीख निघते, पहिल्या सोनोग्राफीत दुसरी आणि सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तिसरीच. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सहसा जास्त भरवशाची असते. डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर एकच तारीख सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या आणि सगळ्या कागदांवर तीच वापरा. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की हिशेब करणारा कारकून फाइल बाजूला ठेवतो आणि तुमचे पैसे अडकतात.

कायदा काय देतो

१९६१चा प्रसूती लाभ कायदा २०१७ साली दुरुस्त झाला आणि रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. २१ नोव्हेंबर २०२५पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आला आहे. तरतुदी बहुतांशी त्याच आहेत, फक्त कलमांचे क्रमांक बदललेत. त्यामुळे कोणी जुन्या कायद्याचं नाव पुढे करून 'तो आता राहिला नाही' असं म्हटलं तर गोंधळू नका. कारखाने, खाणी आणि मळ्यांना हा कायदा लागू आहे. दुकानं आणि कार्यालयांना तो लागू होण्यासाठी मागच्या १२ महिन्यांत एखाद्या दिवशी तरी तिथे १० माणसं कामाला असावी लागतात.

हयात मुलं दोनपेक्षा कमी असतील तर २६ आठवडे भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. आधीच दोन किंवा अधिक मुलं असतील तर रजा १२ आठवड्यांची आणि त्यातले आधीचे जास्तीत जास्त ६. गर्भपात झाला किंवा कायदेशीररीत्या करावा लागला तर त्यानंतर लगेच ६ आठवडे मिळतात. बाळंतपणानंतर नसबंदीची शस्त्रक्रिया केली तर २ आठवडे. गरोदरपण, प्रसूती, अपुऱ्या दिवसांचं बाळ किंवा गर्भपात यांमुळे आजारपण आलं तर या सगळ्याच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. ही शेवटची रजा फार जणींना ठाऊकच नसते. त्या हक्काच्या आजारी रजा संपवतात आणि पुढे बिनपगारी रजेवर जातात.

अट एकच आहे. अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असावं. पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे (काम नाही म्हणून मालकाने घरी बसवलेले) दिवसही यात मोजले जातात. नोकरी कायम हवी अशी अट कायद्यात कुठेही नाही. रोजंदारीवरच्या मस्टर रोल कामगार महिलांनाही हा लाभ द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: कंत्राटाची मुदत रजेच्या मधेच संपली तरी पात्र बाईला पूर्ण लाभ मिळाला पाहिजे. नोकरीवर रुजू होताना दिवस गेलेले होते, हेही नकाराचं कारण ठरत नाही. ८० दिवस भरले की विषय संपला.

एक हिशेब करून पाहू

समजा, अपेक्षित तारीख २० सप्टेंबर आहे. त्याआधीचे ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस, म्हणून रजा लवकरात लवकर २६ जुलैला सुरू होऊ शकते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. २६ जुलै हा पहिला दिवस धरला तर रजा २३ जानेवारीला संपते आणि २४ला कामावर हजर व्हायचं. आता तीच रजा ६ सप्टेंबरपासून घेतली, तर फेब्रुवारी २८ दिवसांचा असताना ती ६ मार्चपर्यंत जाते. आधीचे सहा आठवडे वाचवले की ते बाळासोबत मिळतात. पण हा सौदा तब्येत ठीक असेल तरच करा. रक्तदाब वाढलेला असताना किंवा वार (प्लॅसेंटा) खाली असताना दिवस साठवण्यात काही शहाणपण नाही.

रविवार वेगळे काढायचे का, हा नेहमीचा घोळ. आठवडा म्हणजे सात दिवस, आणि पगारही सातही दिवसांचा द्यायचा. बी. शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली हे स्पष्ट केलं आहे. कुणी २६ आठवड्यांना सहा कामाच्या दिवसांनी गुणून १५६ दिवसांचेच पैसे दिले, तर तुमचे २६ दिवसांचे पैसे बुडाले.

रोजचा दर असा काढतात: रजा सुरू होण्याआधीचे तीन कॅलेंडर महिने घ्यायचे, त्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचं वेतन घ्यायचं आणि त्याची सरासरी काढायची. ६ सप्टेंबरपासून रजा असेल तर जून, जुलै आणि ऑगस्ट. सरासरी कामाच्या दिवसांची असल्याने त्या तीन महिन्यांत चार-पाच बिनपगारी रजा पडल्या तरी दर खाली येत नाही. हिशेबात नेमकी हीच चूक होते: तीन महिन्यांचा हातात आलेला पगार सरळ ९०ने भागला जातो. वेतन म्हणजे मुख्यतः मूळ वेतन आणि महागाई भत्ता. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम त्यात येत नाहीत. मात्र असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्याच्या वरची रक्कम संहितेप्रमाणे वेतनात धरावी लागते. त्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि हजेरीचा उतारा रजेवर जाण्याआधीच काढून ठेवा. रजेवर गेल्यावर ऑफिसचं लॉगिन बंद झालं की ते मिळवायला हेलपाटे पडतात.

अर्ज

तोंडी सांगून भागत नाही. साधा कागद पुरतो, पण त्यात पुढच्या गोष्टी हव्यात:

'विषय: प्रसूती रजा व प्रसूती लाभ मिळण्याबाबत. मी आपल्या आस्थापनेत (पद) म्हणून (दिनांक) पासून काम करते. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख २० सप्टेंबर असून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी ६ सप्टेंबरपासून प्रसूती रजेवर जात आहे. या काळात मी अन्य कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ आणि उरलेली रक्कम प्रसूतीचा दाखला दिल्यावर ४८ तासांत माझ्या खात्यात जमा करावी. मला ती स्वीकारता न आल्यास (नाव, नातं) यांना द्यावी.'

दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर तारीख, सही, शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुरकुर झाली तर तोच मजकूर ईमेलने एचआरला पाठवा, प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवा, आणि कागद रजिस्टर्ड पोस्टाने रवाना करा. अचानक कळा सुरू झाल्या आणि अर्ज राहून गेला, तर प्रसूतीनंतर लवकरात लवकर द्यावा. तेवढ्यावरून हक्क जात नाही.

मालकाकडून प्रसूतीआधीच्या आणि नंतरच्या उपचारांची मोफत सोय नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनसही मिळतो. रक्कम मोठी नाही, पण आपली आहे. अर्जात एक ओळ त्याचीही घाला.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असेल, तर रजा कंपनी देते आणि पैसे ईएसआयकडून येतात. तिथे ८० दिवसांचा नियम नाही. लागोपाठच्या आधीच्या दोन वर्गणी कालखंडांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते. हे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. कंपनी पगारातून वर्गणी कापते पण भरत नाही, असंही घडतं आणि ते नेमकं दाव्याच्या वेळी उघड होतं. दिवस गेल्याचं कळताच ईएसआयच्या पोर्टलवर स्वतःच्या क्रमांकाने वर्गणीच्या नोंदी पाहून घ्या. तेव्हा दुरुस्तीला वेळ असतो.

रजा सुरू होईपर्यंत

कायद्यातली एक उणीव आधीच लक्षात घ्या. अवघड काम नको, फार वेळ उभं राहायला लावू नका, अशी मागणी करण्याचा थेट हक्क प्रसूतीच्या साधारण १० आठवडे आधीपासून मिळतो. आपल्या उदाहरणात तो ९ जुलैपासून. त्या काळात हलकं काम दिलं म्हणून पगार कापता येत नाही. पण बाळाचे अवयव घडतात ते पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बाई अजून कोणाला काही सांगत नाही तेव्हा. एरवी बातमी तीन महिने पोटात ठेवली तरी बिघडत नाही. मात्र तुमचं काम रसायनांशी, किरणांशी किंवा संसर्गाशी संबंधित असेल तर चाचणी आल्याच्या आठवड्यातच वरिष्ठांना लेखी कळवा.

एक्स-रे, कॅथ लॅब (अँजिओग्राफीची खोली) आणि किरणोपचार विभागात तर हे फारच महत्त्वाचं. गरोदरपण जाहीर केल्यावर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी किरणांची मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या (हे किरणांच्या मात्रेचं माप) वर जाऊ द्यायची नसते, आणि जाहीर केलं नाही तर ही मर्यादा कुणी पाळणार नाही. शिशाच्या एप्रनच्या आत पोटाच्या पातळीवर किरणांची मात्रा मोजणारा वेगळा बॅज मागून घ्या. कर्करोगाच्या औषधांचं मिश्रण करणं, इथिलीन ऑक्साइडचं निर्जंतुकीकरण यंत्र, ऑपरेशन थिएटरमधली भुलीच्या वायूची गळती ही कामं बदलून मागावीत. बॅटरी, रंग आणि सोल्डरिंगमधलं शिसं वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं, आणि ते आईच्या हाडांत साठलेलं असल्याने गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरतं. मास्क लावला तरी हात, कपडे आणि डब्यातून ते पोटात जातं. अशा ठिकाणी जागा बदलणं हाच उपाय. बालविभागातल्या परिचारिका आणि बालवाडीच्या शिक्षिकांनी रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीने पाहून घ्यावी. रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत, ती आधी घ्यायची असते.

संगणकाच्या पडद्याची भीती मात्र सोडून द्या. त्याने बाळाला काही होत नाही. त्रास बसण्याचा असतो. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो. दर पाऊण तासाने उठून शंभर पावलं चाला, पायाखाली छोटा स्टूल ठेवा. एकाच पोटरीत दुखरी सूज आली तर मालिश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उभ्याचं काम असेल तर एक पाय आळीपाळीने सहा इंच उंच पाटावर ठेवा, कंबरेवरचा ताण पटकन उतरतो. ओझं उचलताना अडचण वजनाइतकीच अंतराचीही आहे. पोट वाढलं की खोकं शरीराला चिकटवून धरता येत नाही, आणि हात पुढे गेले की तेच वजन पाठीला कितीतरी जड पडतं. त्यात सांधे सैल झालेले असतात. जमिनीवरून उचलणं आणि खांद्याच्या वर ठेवणं या दोन गोष्टी आधी बंद करा. भट्टी, इस्त्री किंवा बॉयलरजवळ काम असेल तर पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि लघवीला जाणं टाळू नका. ते टाळल्याने होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग अपुऱ्या दिवसांच्या कळा सुरू करू शकतो.

हे सगळं 'जरा सांभाळून घ्या' अशा विनंतीने होत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेमकं लिहून घ्या. 'हलके काम द्यावे' या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येक सुपरवायझर आपल्या सोयीने लावतो. 'सलग एक तासापेक्षा जास्त उभे राहू नये, रात्रपाळी नको, वजन उचलणे बंद' असं लिहिलं की वाद उरत नाही.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यांपुढे चकाकणं, तोंड-हात अचानक सुजणं, ताप, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल कमी होणं यांपैकी काहीही झालं तर कामाची पाळी संपायची वाट पाहू नका. तसंच निघा, रजेचा कागद नंतर.

नोकरीवर गदा आली तर

गरोदरपणामुळे किंवा रजेमुळे गैरहजर असताना कामावरून काढणं, किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. म्हणून थेट काढण्यापेक्षा गोड बोलून राजीनामा मागितला जातो: 'आता आराम कर, बाळ झालं की परत घेऊ.' सही करू नका. राजीनामा दिलात की संरक्षणही गेलं आणि पैसेही. असं बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ईमेल लिहा: 'आज आपण मला राजीनामा देण्यास सुचवले. माझी तशी इच्छा नाही. मी ठरल्याप्रमाणे प्रसूती रजेवर जात आहे.' या तीन ओळी पुढे फार कामाला येतात. काढल्याचं पत्र हातात पडलंच तर ६० दिवसांच्या आत दाद मागावी लागते, तो दिवस मोजून ठेवा. पैसे दिले नाहीत तर अर्जाची पोच, डॉक्टरांचा दाखला, पगाराच्या पावत्या आणि बाळाचा जन्मदाखला जोडून कामगार आयुक्त कार्यालयातल्या निरीक्षकांकडे लेखी तक्रार करा. ते पैसे देण्याचा आदेश देऊ शकतात.

प्रसूतीनंतर पहिले ६ आठवडे मालकाला तुमच्याकडून काम घेता येत नाही, तुमची तयारी असली तरी. 'घरूनच एवढी फाइल बघ' हेही त्यातच आलं. परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुटीशिवाय दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुटी मिळते, पगार न कापता. ५० किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. घरून काम करणं मात्र हक्क नाही. कामाचं स्वरूप आणि मालकाची संमती यांवर ते ठरतं, तेव्हा त्याची बोलणी रजा संपण्याच्या महिनाभर आधी सुरू करा आणि जे ठरेल ते लेखी घ्या.