मराठवाड्याच्या काळ्या दगडात ज्वालामुखी कसा वाचावा

ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा डोंगर, माथ्यावरून उसळणारी आग आणि आकाशात चढणारा राखेचा लोट एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. मोबाइलवर ते दृश्य पाहून मान वर करावी, तर समोर बालाघाटाचे सपाट माथ्याचे डोंगर, नांगरलेल्या रानातली काळी ढेकळे आणि घराच्या जोत्याचा काळा दगड दिसतो. हे तिन्ही ज्वालामुखीनेच दिलेले आहे. फक्त त्या ज्वालामुखीला शंकू नव्हता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्याच्यावर पुन्हा नवा लाव्हा येत राहिला. झीज होऊन उरलेला हा दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापून आहे. त्याचे वाचन कसे करावे आणि त्या आधारावर जगातील आजचे उद्रेक कोणत्या नजरेने पाहावेत, हे येथे सांगितले आहे.

त्यासाठी लागणारे साहित्य फारसे नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक लोखंडी खिळा, दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक, लहान बाटलीत व्हिनेगर, वही आणि पेन्सिल एवढे पुरते. छायाचित्र घेताना दगडाशेजारी नाणे किंवा पेन ठेवावे, नाहीतर घरी आल्यावर फोटोतील भोक बोटाएवढे होते की डोक्याएवढे, हे सांगता येत नाही. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने फिरण्यास उत्तम असतात, कारण गवत वाळू लागते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात डोंगराचे थर उठून दिसतात. विहिरी मात्र चैत्र-वैशाखात पाहाव्यात, कारण पाणी तळाला गेल्यावर भिंत उघडी पडते.

सुरुवात विहिरीपासूनच करावी, असे माझे मत आहे. घाटाच्या कड्यावर दगड उन्हापावसाने काळवंडलेला असतो, तर अलीकडे खोदलेल्या विहिरीची भिंत ताजी असते. बांधीव कठड्याची, मालकाला विचारून पाहता येईल अशी विहीर निवडावी आणि आत न उतरता वरूनच, सूर्य माथ्यावर असताना पाहावी. सर्वांत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे दिसतात. हे धोंडे नदीने वाहून आणलेले नाहीत; एकाच अखंड दगडाचे कोपरे झिजत जाऊन ते जागच्या जागी गोल झालेले असतात. त्याच्याखाली खरा खडक सुरू होतो आणि लाव्हाच्या एका थराची गोष्ट तेथे वाचता येते.

थर नेहमी खालून वर वाचावा. तळाशी कधीकधी काडीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात. ओलसर जमिनीवरून लाव्हा जाताना वर चढणाऱ्या वाफेने आणि वायूंनी त्या केलेल्या असतात. मधला भाग घट्ट, काळा, जवळजवळ छिद्रे नसलेला असतो, कारण तो सावकाश निवला आणि त्यातील वायू वर निघून गेले. वरचा भाग छिद्रांनी भरलेला असतो, कारण वर आलेले बुडबुडे थिजलेल्या सायीखाली अडकले. छिद्री, घट्ट, पुन्हा छिद्री असा क्रम दिसला की दुसरा थर सुरू झाला असे समजावे. विहिरीला पाणी कोठे लागते हेही या क्रमावरच अवलंबून असते. घट्ट थराला भेगा नसतील तर तो कोरडा राहतो, आणि झरे बहुधा छिद्री, कुजलेल्या किंवा तडकलेल्या भागातून आणि दोन थरांच्या सांध्यातून येतात. आमच्याकडचे जुने विहीर खोदणारे भूगर्भशास्त्राचे एक पानही न वाचता हे जाणून होते. सात-आठ परस खोल गेल्यावर सुरुंगाच्या छिद्रातून येणारा भुगा चिमटीत धरून ते पुढचा अंदाज सांगत.

विहिरीतील क्रम ओळखता आला की घाटाकडे वळावे. कन्नडचा घाट, धारूरचा घाट किंवा अजिंठ्याच्या डोंगराची कोणतीही उघडी बाजू चालेल. मात्र वळणावर गाडी उभी करू नये, रुंद जागा पाहून थांबावे आणि समोरच्या डोंगराकडे पाहावे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. या खडकाच्या प्रदेशाला ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. घट्ट भागाचा उभा कडा बनतो, छिद्री भाग लवकर झिजून उतार किंवा सपाटी तयार होते. येथे घाईने पायऱ्या मोजून तेवढेच उद्रेक झाले असे मात्र लिहू नये, कारण एकाच उद्रेकात लाव्हाच्या अनेक जिभा एकमेकींवर चढलेल्या असू शकतात आणि एका जाड थराच्याही दोन पायऱ्या पडू शकतात. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे दोन थरांमधील तांबडा पट्टा. तो विटेच्या रंगाचा, मातीसारखा मऊ आणि बहुधा वीतभर ते हातभर जाडीचा असतो. लाव्हाचा एक थर थिजल्यावर त्याचा पृष्ठभाग, किंवा त्यावर पडलेली राख, हवा-पाण्याने कुजून लाल झाली आणि मग वरून दुसरा थर आला. म्हणजे तांबडा पट्टा दिसला की तेथे ज्वालामुखी काही काळ थांबला होता, अशी नोंद वहीत करावी. दगडावर इतिहास लिहिला आहे असे आपण सहज म्हणतो. त्या इतिहासातील शांततेची पाने तांबडी आहेत.

यानंतर दगड हातात घेऊन पाहावा. खडी केंद्राच्या किंवा खदानीच्या बाहेर, मालकाच्या परवानगीने आणि सुरुंगाची वेळ टाळून, फुटक्या दगडांचा ढीग चाळावा. छिद्रांमध्ये पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक भरलेले दिसतील. लाव्हा निवल्यानंतर बऱ्याच काळाने त्यातून फिरलेल्या कोमट पाण्याने ते आणून ठेवलेले आहेत. कोणता स्फटिक कोणता हे ओळखण्यास खिळा आणि व्हिनेगर पुरेसे आहे. खिळ्याने ओरखडा पडला आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकताच बुडबुडे आले, तर तो कॅल्साइट. ओरखडा पडला पण बुडबुडे आले नाहीत, आणि स्फटिक मोत्यासारखा चमकणारा, कडबाच्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला असेल, तर तो बहुधा स्टिलबाइट, म्हणजे झिओलाइट गटातील खनिज. खिळ्याला दाद न देता उलट काचेवरच ओरखडा उमटवला, तर ती गारगोटी. छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव परिसरातील झिओलाइट व ॲपोफिलाइटचे नमुने जगभरातील संग्राहकांना परिचित आहेत, आणि आपण मात्र ते डांबराखाली गाडून टाकतो, असो. छिद्रांच्या आतल्या बाजूला कधी हिरवा लेप असतो. तशाच हिरव्या मातीचा रंग अजिंठ्याच्या चित्रकारांनी वापरला. तेथील बहुतेक रंग माती-दगडांचे होते. निळ्या रंगासाठी मात्र लाजवर्द हा निळा दगड बाहेरून आणावा लागला.

चुंबकाचा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. ओढ्याच्या कडेची कोरडी काळसर वाळू कागदावर पसरून त्यावरून चुंबक फिरवले की बारीक काळे कण मिशांसारखे चिकटतात. ते मुख्यतः मॅग्नेटाइट या लोहयुक्त खनिजाचे कण होत. लाव्हा निवताना याच कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि दख्खनच्या लाव्हाचा मोठा भाग ज्या काळात बाहेर पडला त्या काळात ती दिशा आजच्या उलट होती, असे अभ्यासकांना याच पद्धतीने कळले.

वेरूळ, अजिंठा आणि पितळखोरे येथे फक्त डोळे वापरावेत. संरक्षित स्मारकात खिळा, हातोडा, व्हिनेगर यांपैकी काहीही पिशवीतून बाहेर काढू नये. तसे करणे हा गुन्हा आहे, आणि आग्या मोहोळाखाली ठोकाठोक करणे हा मूर्खपणाही आहे. वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, मंदिर वरून खाली कोरले आहे. सुमारे ३० मीटर उंचीच्या त्या कड्यासमोर उभे राहून कोठे दगड गुळगुळीत आहे आणि कोठे छिद्रांमुळे तो खडबडीत झाला आहे, हे पाहावे. पितळखोऱ्यात नेमके उलटे चित्र दिसते: तेथील खडक कमकुवत असल्याने लेण्यांचे दर्शनी भाग ढासळले आहेत. दोन्ही ठिकाणे लागोपाठ पाहिल्यास लाव्हाचा थर कसा निवला याचा शिल्पाच्या आयुष्याशी किती संबंध आहे, ते लक्षात येते.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. जालन्याच्या सीमेपलीकडचे, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहून पुष्कळ जण ‘हेच ज्वालामुखीचे मुख’ असे म्हणतात. ते तसे नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने झालेले असून, प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच तेथील खडकात सापडली आहे. दगड ज्वालामुखीचा, खड्डा आकाशातून आलेल्या पाहुण्याचा, असा हा प्रकार आहे. दख्खनच्या लाव्हाचे मुख शोधायचेच असेल तर गोल खड्डा न शोधता भेगेत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती शोधाव्या लागतात, आणि त्या मराठवाड्यापेक्षा नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत, नाशिक-पुण्याकडे व कोकणात अधिक आहेत.

मग एवढ्या दूरवर लाव्हा पोहोचला कसा, याचे उत्तर हवाईने दिले. तेथे किलाउएया ज्वालामुखीचा पातळ लाव्हा पुढे सरकताना त्याच्या वर लगेच घट्ट साय धरते. आतला लाव्हा त्या सायीखाली उबेत राहून वाहत राहतो आणि आतूनच साय वर उचलतो. वीतभर जाडीची जीभ अशा रीतीने पुरुषभर फुगते. दख्खनमध्ये हेच कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले, आणि त्याचा लाव्हा पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत गेला.

शक्तीचा अंदाज घेण्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर एक साधे गणित मांडावे. माणसाने पाहिलेल्या मोठ्या लाव्हा-उद्रेकांपैकी एक आइसलँडमधील लाकी येथे जून १७८३ मध्ये सुरू झाला आणि आठ महिने चालला. त्यातून सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. तो सगळा मराठवाड्याच्या सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर सारखा पसरला, तर थर किती जाड होईल? सुमारे २३ सेंटीमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. आता किल्लारीचा आकडा घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तेथे जमिनीत खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा ग्रॅनाइटसारख्या अतिप्राचीन खडकाच्या वर ३३८ मीटर बेसाल्ट आढळला. एका ‘लाकी’ला एक वीत धरली तर किल्लारीखाली सुमारे चौदाशे ‘लाकी’ एकावर एक रचलेल्या आहेत. पूर्वेकडे ही जाडी कमी होत जाऊन देगलूर-बिलोलीकडे खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो, आणि पश्चिमेला सह्याद्रीत ती खूप वाढते. तेव्हा हा सरासरीचा हिशेब नसून एका जागेचा आहे, हे गणिताशेजारी लिहून ठेवावे.

एवढी तयारी झाल्यावर जगातील उद्रेकांच्या बातम्या वाचाव्यात. बातमीत ० ते ८ अशी एक श्रेणी दिलेली असते आणि तिची प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या सुमारे दहापट असते. पण ती स्फोटाने उडालेली राख-दगड मोजते, वाहिलेला लाव्हा मोजत नाही. फिलिपिन्समधील पिनाटुबो १५ जून १९९१ रोजी फुटला तो या श्रेणीत ६ वर, लाकी केवळ ४ वर. तरीही पिनाटुबोने सुमारे २ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत सोडला, आणि लाकीने सुमारे १२ कोटी टन. त्या विषारी धुक्याने आइसलँडमधील निम्म्याहून अधिक गुरेढोरे मेली आणि पुढील दुष्काळात सुमारे एक पंचमांश माणसे गेली. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला हे खरेच. परंतु आवाज न करता वाहणाऱ्या लाव्हाने काय होऊ शकते, हे पाहायला आपल्याला बेटावर जावे लागत नाही.

प्रत्यक्ष जिवंत ज्वालामुखी पाहायचा असेल, तर भारतात तो अंदमानातील बॅरन बेटावर आहे. १९९१ पासून तो पुन्हा अधूनमधून जागा होत असतो, मात्र पर्यटकांना बेटावर उतरता येत नाही, बोटीतूनच पाहावा लागतो. घरबसल्या पाहण्यास किलाउएयावरील सरकारी वेधशाळेचे कॅमेरे सोयीचे आहेत. हवाईची वेळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तासांनी मागे असल्याने तेथील रात्र, म्हणजे लाव्हाची लाली स्पष्ट दिसण्याची वेळ, आपल्याकडे साधारण सकाळी साडेअकरा ते रात्री नऊपर्यंत असते. उन्हाळ्याच्या दुपारी, बाहेर रान तापलेले असताना, विहिरीच्या भिंतीचे चित्र काढलेली वही समोर उघडी ठेवून तो कॅमेरा लावावा आणि काळ्या सायीला तडा जाऊन तिच्याखालची लाल रेघ कोठून बाहेर पडते, ते चित्रातील छिद्री थराशी ताडून पाहावे.