‘इतर’ नावाचा रकाना

समाजकार्याच्या अध्यापनात नव्याने येणारे क्विअर, म्हणजे लैंगिकता किंवा लिंगभाव रूढ चौकटीत न बसणारे, सहकारी एक गोष्ट गृहीत धरून येतात, मीही धरली होती: जो विभाग दिवसभर वंचितांविषयी शिकवतो, तो आपल्याशी नीट वागेल. समाजकार्याच्या २०१४ च्या जागतिक व्याख्येत विविधतेचा आदर हे एक मूलभूत तत्त्व आहे आणि ती व्याख्या आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. त्यामुळे उघड अपमान येथे सहसा होत नाही. जे होते ते इतके सभ्यपणे होते, की तक्रार करणाराच हळवा ठरतो.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० मध्ये वर्णद्वेषाच्या संदर्भात, रोजच्या वागण्यातल्या लहानसहान अवमानांसाठी योजलेला ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ हा शब्द मी ज्या आठवड्यात वर्गात समजावून सांगत होतो, त्याच आठवड्यात क्षेत्रकार्याच्या बैठकीत मुलांच्या संस्थेतील पर्यवेक्षण माझ्याकडून काढून घेण्यात आले. ‘संस्थेला अवघडल्यासारखे होईल,’ असे कारण दिले गेले. संस्थेला कोणी विचारलेच नव्हते.

मला मात्र खरा फटका बसला तो कौतुकाने. ‘हा विषय तुमच्याइतका आपलेपणाने कोण शिकवणार?’ असे म्हणून लैंगिकतेवरील प्रत्येक तासिका, प्रत्येक कार्यशाळा आणि त्या विषयावरचा प्रत्येक प्रबंध माझ्याकडे आला, आणि घरी सांगू न शकणारे विद्यार्थी तर सायंकाळी उशिरापर्यंत माझ्या खोलीत बसलेले असत. नकार देणे मला द्रोह वाटे. एका सत्रात अशा ११ जादा तासिका मी घेतल्या. कार्यभाराच्या तक्त्यात त्या सगळ्या मिळून ‘इतर’ या रकान्यात एका ओळीत मावल्या आणि त्या रकान्याला गुण नव्हते. वार्षिक मूल्यमापनात शेरा आला: ‘अभ्यासाचा आवाका मर्यादित; विषयाकडे तटस्थपणे पाहावे.’ ज्यांनी मला त्या एका विषयात बसवले, त्यांनीच आवाका मोजला होता. विवाहित सहकारी कुटुंबसंस्थेवर संशोधन करतात, तेव्हा त्यांच्या तटस्थतेची चौकशी कोणी करत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

म्हणून सांगतो, तोंडी होकार देऊ नका. ‘आनंदाने घेईन, फक्त हे काम कार्यभारात कोठे धरले जाईल ते कळवावे,’ एवढा एकच ओळीचा ई-मेल त्याच दिवशी पाठवा. उत्तर आले नाही, तर तेही जपून ठेवा. विद्यार्थ्यांना भेटणे थांबवू नका, पण भेटींची वेळ आणि संख्या, त्यांची नावे न लिहिता, नोंदवून ठेवा.

रुजू होताच सर्वांना सगळे सांगून मोकळे व्हावे, हा सल्ला मला आततायी वाटतो. नेमणूक कायम होईपर्यंत किती सांगायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. मार्गदर्शकही जपून निवडा. बैठकीत गप्प राहून नंतर जिन्यात पाठीवर हात ठेवणारी माणसे प्रेमळ असतात, पण बैठकीच्या कार्यवृत्तात जिन्याची नोंद होत नाही. मला आधार दिला तो एका रूक्ष, मोजके बोलणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापिकेने, जिने माझा तक्ता घेतला, लाल पेनाने ‘इतर’ खोडले आणि त्या ११ तासिका ‘अध्यापन’ या रकान्यात मांडून दिल्या.

तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे घडत नाही, हे मला कळायला चार वर्षे लागली. यंदा माझा ‘इतर’ रकाना कोरा आहे. विभागप्रमुखांनी त्याविषयी दोनदा विचारणा केली आहे. दोन्ही वेळा मी लेखी उत्तर दिले.