स्वस्त इलेक्ट्रिक गिटार: घ्यायच्या आधी आणि घरी आणल्यावर

पहिली तयारी पैशांची. जेवढी रक्कम बाजूला काढली आहे, ती सगळी गिटारवर घालवायची नाही. साधारण तिसरा हिस्सा ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर), केबल, क्लिप लावायचा ट्यूनर, पट्टा, पिकं आणि तारांचा एक जादा संच यांच्यासाठी राखून ठेवा. घरात वाजवायला 10 वॅटचा ॲम्प पुष्कळ होतो, फक्त त्याला हेडफोनची सोय असलेली बरी. केबलचा जॅक पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा, आणि लांबी तीन मीटर असली की पुरे. इफेक्ट पेडलचा मोह पहिले सहा महिने तरी टाळा.

आता निवड. मॉडेल कोणतं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी एवढंच बघतो, की यातलं नंतर काय बदलता येणार नाही. पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) बदलता येतात, खुंट्या बदलता येतात, नटही (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बदलता येतो. पण नेक (गिटारचा लांब दांडा) वाकडी निघाली किंवा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वरखाली असले, तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीलाच भिडतो. म्हणून दुकानात रंग बघायच्या आधी बंदुकीचा नेम धरावा तशी गिटार डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या कडेकडेने नजर टाका. किंचित पुढे झुकलेली नेक चालेल, पिळलेली नको. मग नेकच्या दोन्ही कडांवरून हात सरकवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली, तर लाकूड सुकून आत गेलंय असं समजा. टोकं घासून घेता येतात, पण ते काम आपल्याला पडणार हे धरूनच भाव करा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सोडू नका. सहाही तारांवर प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवायचा. नेकभर सगळीकडे थोडी झिणझिण असेल तर घाबरायचं कारण नाही, ती बहुधा सेटअपने, म्हणजे तारा आणि नेक जुळवून घेतल्यावर, जाते. पण एकाच जागी सूर मरत असेल, समजा पाचव्या फ्रेटवर, तर सहावा फ्रेट उचललेला असण्याची शक्यता जास्त. अशी गिटार परत ठेवा.

मग ॲम्पला जोडा. नॉब फिरवताना खरखर झाली तर तो किरकोळ दोष, क्लीनरच्या फवाऱ्याने बऱ्याचदा जातो. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर दुकानदारालाच दाखवा. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुण हा मात्र दोष नव्हे, त्यांचा स्वभावच तो. ती मारायलाच गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1950 च्या दशकात हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, बनवला. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग नीट आहे असं समजायचं.

ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) स्थिर असलेलाच घ्या, हे माझं मत. स्वस्त गिटारवरचा तरंगता, लॉकवाला ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) म्हणजे एक तार बदलली की उरलेल्या पाचही बेसूर.

घरी आणल्यावर सेटअप. इथे क्रम महत्त्वाचा. आधी नव्या तारा: सुरुवातीला 9 ते 42 चा संच, म्हणजे सर्वांत बारीक तार 0.009 इंचाची. प्रत्येक तार हलकेच ओढून ताणा आणि सूर धरून बसेपर्यंत पुन्हा पुन्हा जुळवा. मग नेकचा झुकाव. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट उरते ते बघा. इथे माझी एक युक्ती आहे. जुन्या पहिल्या तारेचा बोटभर तुकडा कापून ठेवायचा. त्याची जाडी 0.23 मिलिमीटर, आणि आपल्याला फटही साधारण तेवढीच हवी असते. तुकडा जेमतेम सरकला की झालं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त कधीच नाही. चावी अगदी मापाचीच हवी. माझ्या पहिल्या गिटारवर मी थोडी लहान चावी चालवून नेली आणि आतल्या षटकोनाचे कोपरे झिजून तो गोल झाला. त्यानंतर ती गिटार कायम जशी होती तशीच राहिली.

आता तारांची उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत बारीक तारेला 1.6 मिलिमीटर, जाड तारेला 2 पर्यंत, असं धरून सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) खालीवर करा. झिणझिण आली तर थोडं चढवा.

नट मात्र हमखास दुर्लक्षित राहतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, केसाएवढी फट हवी. तिथे तार उंच असली की एफ कॉर्ड लागत नाही, उघडे कॉर्डही चढे वाजतात आणि नवशिका बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. खाचा खोल करणं जाणकाराच्या हाती सोपवा, जास्त घासलं गेलं की नट फुकट. खाचांत पेन्सिलीचं शिसं मात्र तुम्हीच घासा, म्हणजे तारा अडकून बेसूर होणार नाहीत.

मग इंटोनेशन, म्हणजे नेकवर वर दाबलं तरी सूर बरोबर येतो का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता हलका स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल नेकपासून मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे आणा, आणि दर वेळी तार पुन्हा जुळवूनच तपासा. पिकअपची उंची सगळ्यात शेवटी: तार शेवटच्या फ्रेटवर दाबून खाली साधारण 2 मिलिमीटर. सिंगल कॉइल फार जवळ आणला की त्याचं चुंबक जाड तारा खेचतं आणि सूर थरथरल्यासारखा येतो.

तो तारेचा तुकडा फेकू नका, गिटारच्या पिशवीतच ठेवा. हवा दमट झाली किंवा कोरडी पडली की नेक हलते, तेव्हा पुन्हा लागेल.