शिलाई मशीनच्या टेबलाखाली मोटर सरकती कशी बसवावी

इंडस्ट्रियल शिलाई मशीनच्या मोटरसोबत जे ब्रॅकेट येतं त्याला एक बिजागरी आणि ताणाचा एक बोल्ट असतो. त्यावर मोटर वर-खाली झुलते आणि बेल्ट घट्ट किंवा सैल करता येतो. डावी-उजवीकडे मात्र ती सरकत नाही, कारण तीन बोल्ट थेट टेबलाच्या फळीतून गेलेले असतात. भोकं ५ मिलिमीटर चुकली की मोटर कायमची ५ मिलिमीटर चुकलेल्या जागी राहते. मग शेजारी नवं भोक, मोटर बदलली की आणखी तीन भोकं. फळी मोटरखालीच चाळणीसारखी होते. पार्टिकल बोर्ड असेल तर तेल मुरून भोकाच्या कडा भुगा होतात आणि बोल्ट कितीही आवळला तरी धरत नाही.

सोलापुरात गणवेश शिवणारे असोत की धारावीत चामड्याच्या बॅगा करणारे, छोट्या जागेत एकाच टेबलावर हेड (टेबलावरचं मूळ मशीन) बदलण्याची, क्लच मोटर (सतत फिरणारी, पॅडल दाबलं की मशीनला जोडली जाणारी) काढून सर्व्हो (पॅडल दाबलं तरच फिरणारी) लावण्याची वेळ अनेकदा येते. म्हणून मोटर फळीला न टांगता, फळीखाली लोखंडाच्या दोन पट्ट्या बसवून त्यांतल्या लांबट खाचांत टांगावी. फळीला चार भोकं एकदाच पडतात. पुढे त्याच मापाच्या ब्रॅकेटची मोटर कोणतीही येवो, फळीला हात लावावा लागत नाही.

आधी बेल्टची ओळ, मग ताण

मशीनच्या चाकाची खाच आणि मोटरच्या पुलीची (मोटरवरच्या चाकाची) खाच एका सरळ रेषेत असायला हवी. फरक २ मिलिमीटरच्या आत ठेवा. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर साधारण ४०० ते ४५० मिलिमीटर असतं. तेवढ्या अंतरात ७ मिलिमीटरची चूक म्हणजे जवळजवळ १ अंशाचा तिरकेपणा. बेल्टची एक बाजू घासून टेबलाखाली काळी भुकटी पडायला तेवढा पुरतो. अशा वेळी बरेच जण ताण वाढवतात. तिरका बेल्ट ताणला की आणखी लवकर झिजतो, शिवाय मशीनच्या मुख्य शाफ्टच्या बेअरिंगवर भार येतो. ओळ जमल्याशिवाय ताणाच्या नटाला पाना लावू नका.

क्लच मोटरची एक खोड लक्षात ठेवायला हवी. पॅडल दाबलं की तिची पुली किंचित सरकते, बहुतेक मोटरींत डावीकडे. त्यामुळे ओळ पॅडल मोकळं असताना तपासून उपयोग नाही. प्लग काढा, पॅडलवर वजन ठेवा किंवा कुणाला तरी ते दाबून धरायला सांगा, आणि पुली सरकलेल्या जागी असताना मोजा. सर्व्हो मोटरची पुली सरकत नाही, तिथे ही भानगड नाही.

लागणारं सामान

• ५० × ६ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, ३४० मिलिमीटर लांबीचे २ तुकडे. सर्व्होचं वजन पाच-सात किलोच्या आसपास असतं, तिला ही पट्टी पुरते. क्लच मोटर वीस किलोच्या वर जाते, तिला ५० × ८ ची घ्या.
• ८ मिलिमीटरचे, चौकोनी मानेचे कॅरेज बोल्ट: ७५ मिलिमीटर लांबीचे ४ (पट्टी फळीला धरायला) आणि ४० मिलिमीटर लांबीचे ३ (मोटर टांगायला). पट्टी ८ ची असेल तर ४० ऐवजी ४५. ७५ ची लांबी ४० मिलिमीटर जाडीच्या फळीसाठी आहे, तुमची फळी आधी मोजा.
• १२ मिलिमीटर प्लायवूडचे ५० × ५० चे ४ तुकडे.
• मोठे वॉशर, स्प्रिंग वॉशर, ४ नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले), ३ साधे नट, ३ चेकनट (पहिला नट सुटू नये म्हणून त्यावर लावायचे).
• कडक रबराचे ५ मिलिमीटर जाडीचे ३ वॉशर. मोटरसोबत येतात, तेच वापरा.
• ९ मिलिमीटरचं ड्रिल, २२ मिलिमीटरचं सपाट तळाचं ड्रिल, कानस, गुण्या, ओळंबा, १३ नंबरचा पाना.

प्लायवूडचे तुकडे वगळून चालत नाही. कॅरेज बोल्टचं डोकं सुमारे ५ मिलिमीटर जाड असतं. पट्टी थेट फळीला चिकटली तर डोक्याला जागा राहत नाही आणि बोल्ट खाचेत सरकत नाही. १२ मिलिमीटरची पोकळी राहिली की डोकं मोकळं सरकतं.

पट्टीत खाचा पाडणं

मोटरचं ब्रॅकेट जाड कागदावर ठेवून तिन्ही भोकं शिसपेन्सिलने छापून घ्या. तीन भोकं त्रिकोणात असतात: एका बाजूला दोन, समोर एक. कंपनीगणिक मापं बदलतात, म्हणून आपल्याच ब्रॅकेटचा छाप घ्यावा. दोन भोकांच्या बाजूसाठी एका पट्टीत दोन खाचा, एका भोकासाठी दुसऱ्या पट्टीत एक. प्रत्येक खाच ९ मिलिमीटर रुंद आणि ६० लांब, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. म्हणजे मोटर मधल्या जागेपासून दोन्हीकडे सुमारे २५ मिलिमीटर सरकते. दोन भोकांतलं अंतर ७० पेक्षा कमी असेल तर दोन खाचांमध्ये लोखंड फार उरत नाही, तिथे खाचेची लांबी ४० वर आणा.

फॅब्रिकेटरकडून मिलिंग करून घेतलं तर उत्तमच. नाही तर ९ च्या ड्रिलने एकाला एक लागून भोकं पाडा आणि मधले काटे कानशीने काढा. खाचेच्या कडा सरळ हव्यात. बोल्टची चौकोनी मान त्याच कडांमध्ये अडकते आणि बोल्ट फिरत नाही. त्यामुळे नट खालून एकाच पान्याने आवळता येतो, एकट्या माणसाला काम जमतं. खाच १० च्या पुढे गेली तर मान फिरू लागते आणि ही सोय जाते. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून २० मिलिमीटरवर फळीच्या बोल्टसाठी ९ चं एकेक भोक घ्या. शेवटी कडा घासून रेड ऑक्साइडचा हात द्या, नाही तर गंज कपड्यावर उतरतो.

जागा ठरवणं

मशीनचं हेड त्याच्या रबरांवर नेहमीसारखं बसवा. हेड काढून ठेवून घेतलेलं माप हमखास चुकतं, कारण रबर दबल्यावर हेड थोडं सरकतं. चाकाच्या खाचेत ओळंब्याचा दोरा धरून तो बेल्टच्या खाचेतून खाली सोडा आणि फळीखाली त्याची रेघ आखा. मोटरच्या पुलीची मध्यरेषा हीच. ब्रॅकेटचा कागद उलटा करून पुलीची जागा या रेघेवर आणा आणि बोल्ट खाचांच्या मध्यावर आहेत असं धरून पट्ट्यांच्या जागा ठरवा. दोन्ही पट्ट्या टेबलाच्या लांबीशी समांतर हव्यात, गुण्या लावून बघा.

मागे-पुढेही पाहायचं असतं. बेल्ट वर येताना फळीतल्या खाचेच्या कडेला घासता कामा नये, दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर तरी मोकळे सोडा. ऑइल पॅन, गुडघ्याने प्रेशर फूट उचलायचा दांडा, ड्रॉवर आणि स्टँडची आडवी पट्टी, यांतलं काही मोटर पूर्ण डावीकडे किंवा पूर्ण उजवीकडे नेली तरी आड येत नाही ना, हे आत्ताच बघा. हेडसाठी कापलेल्या मोठ्या खिडकीच्या कडेपासून भोक ४० मिलिमीटर दूर ठेवा, त्या भागात फळी कमजोर असते.

भोकं सनमायकाच्या बाजूने पाडा आणि आधी त्या जागी चिकटपट्टी लावा, म्हणजे सनमायका चिरत नाही. खालून लाकडाचा टाकाऊ तुकडा दाबून धरला की तळाची ढलपीही उडत नाही. आधी २२ च्या ड्रिलने ६ मिलिमीटर खोल वाटी, मग तिच्या मध्यातून ९ चं आरपार भोक. बोल्टचं डोकं वाटीत बुडायला हवं, वर राहिलं तर कापड अडकतं. वाटी नंतर लाकडी पुट्टीने भरून घासून घ्या.

चढवणं

पट्ट्या फळीला लावण्याआधी मोटरचे तिन्ही बोल्ट त्यांच्या खाचांत वरून घालून ठेवा. पट्टी आवळल्यावर वर फक्त १२ मिलिमीटरची पोकळी उरते, त्यातून ४० चा बोल्ट जात नाही. हे विसरलं की सगळं पुन्हा खोलावं लागतं.

क्रम असा: फळी, प्लायवूडचा तुकडा, पट्टी, मोठा वॉशर, नायलॉक नट. चारही बोल्ट आवळल्यावर मोटर खालून उचला. क्लच मोटर एकट्याने उचलू नका, तिच्याखाली खोकं किंवा जॅक ठेवा. ब्रॅकेट आणि पट्टीच्या मध्ये रबर वॉशर, ब्रॅकेटखाली मोठा वॉशर, मग स्प्रिंग वॉशर आणि नट. रबर किंचित फुगेपर्यंतच आवळा. ते पार चेपलं तर धक्का शोषत नाही आणि टेबल गुणगुणतं. उलट मऊ रबर घातलं तर चालू करताना मोटर मान हलवते आणि जमवलेली ओळ बिघडते.

आता नट अर्धवट सैल ठेवून मोटर सरकवा. चाकाच्या खाचेच्या मध्यापासून पुलीच्या खाचेच्या मध्यापर्यंत दोरा ताणून धरा, समोरून आणि मागून दोन्हीकडून पाहा. पुलीच्या कडेला पट्टी टेकवून मापू नका, दोन्ही चाकांच्या कडांची जाडी सारखी नसते. मोटर तिरकी, म्हणजे एक टोक पुढे आणि एक मागे, बसली नाही ना तेही बघा. ओळ जमली की नट आवळा, चेकनट लावा आणि खाचेशेजारी पट्टीवर रंगाची खूण करा. मोटर कधी सरकलीच तर खुणेवरून लगेच कळतं.

बेल्ट आणि पुली

या मशीनवर साधारण एम सेक्शनचा, १० मिलिमीटर रुंद बेल्ट चालतो आणि त्याचा नंबर इंचातली लांबी सांगतो. प्लायवूड आणि पट्टीमुळे मोटर १८ मिलिमीटर खाली गेली आहे, म्हणजे बेल्टची लांबी ३६ मिलिमीटर, सुमारे दीड इंच वाढते. जुना ४२ नंबरचा असेल तर आता ४३ किंवा ४४ लागेल. खात्रीसाठी ताणाचा बोल्ट मधल्या जागी ठेवून दोन्ही खाचांभोवती सुतळी गुंडाळून मोजा.

वेगाचा हिशोब: मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले मशीनच्या चाकाचा व्यास. बेल्ट खाचेत बसतो तो व्यास बाहेरच्या व्यासापेक्षा सुमारे ५ मिलिमीटर कमी धरतात. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर मोटर मिनिटाला २८५० किंवा १४४० फेऱ्यांच्या आसपास चालते. मशीनच्या चाकाचा कामाचा व्यास ७० असेल आणि मोटरची पुली बाहेरून ११० असेल, तर २८५० × १०५ ÷ ७० म्हणजे मिनिटाला सुमारे ४२७५ टाके. शर्टाला ठीक, चामड्याला अजिबात नाही. चामड्यासाठी १४४० ची मोटर आणि ५० ची पुली घ्या, वेग ९२५ च्या आसपास येतो आणि सुईमागची ताकद वाढते. पुली ११० वरून ५० वर आणली तर बेल्ट साधारण ९४ मिलिमीटरने, म्हणजे पावणेचार इंचाने आखूड लागतो. तो फरक बिजागरीच्या बोल्टने भरून काढायला जाऊ नका, बेल्टच बदला.

ताण असा ठेवा: बेल्टच्या मध्यावर १ किलोच्या जोराने बोट दाबलं की तो १५ मिलिमीटरच्या आसपास दबावा. जोराचा अंदाज येत नसेल तर छोटा स्प्रिंग काटा लावून ओढा. खालचा नट सैल करून वरचा फिरवा, ताण जमला की दोन्ही एकमेकांवर आवळा.

पॅडल आणि वीज

मोटर सरकली की पॅडलची उभी सळईही तिरकी होते. सळई ओळंब्यात येईपर्यंत पॅडल आडव्या पट्टीवर त्याच बाजूला सरकवा. तिरकी सळई क्लचचा दांडा एका बाजूला ओढते, मग पाय उचलला तरी मशीन हळूहळू चालत राहतं.

मोटर रबरावर आणि लाकडाखाली टांगली आहे, म्हणजे स्टँडशी तिचा विजेचा संबंध तुटलेला असतो. अर्थिंगची हिरवी तार मोटरच्या अंगाला आणि स्टँडला स्वतंत्र जोडा, तीन पिनांचा प्लग वापरा. वायरला मोटर दोन्ही टोकांना सरकेल इतका ढिलेपणा ठेवून ती बेल्टपासून दूर बांधा. सर्व्होचा कंट्रोल बॉक्स उघडायचा असेल तर प्लग काढल्यावर काही मिनिटं थांबा, आतला कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही.

पहिल्यांदा चालू करताना सुईतला दोरा काढा आणि प्रेशर फूट वर ठेवा. साध्या एकसुई लॉकस्टिच मशीनमध्ये चाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याकडे यायला हवा, तरी हेडवर बाण असेल तर तोच खरा. उलटं फिरलं तर तीन फेजच्या मोटरच्या कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा. एक फेजच्या मोटरचं स्टार्टिंग वाइंडिंग इलेक्ट्रिशियनकडून उलटवून घ्या, सर्व्होमध्ये त्यासाठी सेटिंग असतं. बेल्टचं कव्हर लावल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका.

बिघाड झालाच तर

काळी भुकटी बेल्टच्या एकाच बाजूला: ओळ चुकली आहे, दोष ताणाचा नाही.

सुरुवातीला किंचाळतो आणि मग गप्प होतो: बेल्ट सैल आहे किंवा त्यावर तेल पडलं आहे. तेल असेल तर कोरड्या कापडाने दोन्ही खाचा पुसा. बेल्ट तेलाने मऊ झाला असेल तर टाकून द्या.

मोटर बंद असताना चाक हाताने फिरवायला जड: बेल्ट उतरवून पुन्हा फिरवा. आता हलकं फिरलं तर ताण जास्त होता. तरीही जडच असेल तर दोष हेडमध्ये आहे, मोटरच्या मागे लागू नका.

प्रत्येक फेऱ्याला ठक-ठक: मशीन बरेच दिवस बंद राहिल्याने बेल्ट एका जागी वाकून कडक झाला आहे. तासाभराच्या कामाने सुटला नाही तर बदला.

रंगाची खूण सरकलेली: बहुधा स्प्रिंग वॉशर राहिला आहे किंवा खाचेवरचा ओला रंग बोल्टखाली दबून नंतर सुकला आहे. बोल्टची जागा घासून कोरडी करा आणि पुन्हा आवळा.

नवा बेल्ट पहिल्या आठवड्यात थोडा लांबतो. पहिल्या दिवसाचं काम संपल्यावर एकदा आणि आठ दिवसांनी एकदा, प्लग काढून, सातही नट आणि बेल्टचा दाब तपासा.