लग्नाचा अंदाज: आयर्लंडचे खेळ आपल्या चुलीपाशी

आयर्लंडच्या खेड्यांत 31 ऑक्टोबरच्या रात्री, हॅलोविनच्या सणाला, लग्नाळू पोरंपोरी विस्तवाभोवती बसून जोडीदाराचा अंदाज काढत. सामान साधंच लागतं, म्हणून विदर्भातल्या कुठल्याही गावात हे खेळ जमतात.

सगळ्यात रंगतो तो चुलीचा खेळ. तिकडे दोन हेझलनट (कठीण कवचाचं एक छोटं फळ) निखाऱ्यांपाशी ठेवत, एक आपल्या नावाचं, एक मनातल्या माणसाचं. दोन्ही शांतपणे जळली तर जोडी टिकणार; एखादं तडकून उडालं तर काही खरं नाही. आपल्याकडे चिंचोके घ्या, उन्हाळ्यातले, खडखडीत वाळलेले. ओलसर चिंचोका नुसता धुपतो. आकार सारखाच हवा. नाहीतर लहान आधी तडकतो आणि खेळ तिथेच बिघडतो. जाळ बसू द्या, निखाऱ्यांवर राखेचा पातळ थर पसरा, मग बोटभर अंतराने दोन्ही ठेवून हातभर मागे सरका. बिबा मात्र चुकूनही घेऊ नका: तापला की तेल उडतं, कातडीवर फोड येतात, धूरही बाधतो. वेचलेला कापूस ज्या खोलीत पडला आहे, तिथे तर हा खेळ मांडायचाच नाही. नाव मनातच धरा. मोठ्याने घेतलेलं नाव सकाळपर्यंत गावभर होतं आणि त्रास त्या पोरीला भोगावा लागतो.

दुसरा खेळ सफरचंदाच्या सालीचा. साल अखंड सोलून डाव्या खांद्यावरून मागे टाकायची; पडल्यावर दिसेल ते नावाचं पहिलं अक्षर. पट्टी अरुंद ठेवा, रुंद साल वळत नाही. संत्र्याची साल इथे कामाची नाही, ती तुटते.

जेवणात कोलकॅनन करा, म्हणजे आलू-पानकोबीचा तिकडचा पदार्थ. 1 किलो आलू सालासकट उकडा, गरम असतानाच कुस्करा. अर्धा किलो पानकोबी बारीक चिरून शिजवा, पाणी पूर्ण निथळा, नाहीतर लगदा होतो. 50 ग्रॅम लोणी, वाटीभर गरम दूध आणि मीठ घालून हलक्या हाताने कालवा. फार घोटलं की आलू चिकट होतो. आत बिनखड्याची मुंदी स्वच्छ धुऊन, कागदात गुंडाळून दडवा. जिला सापडेल तिचं लग्न आधी. मुंदी आहे हे वाढण्याआधी सगळ्यांना सांगा, लहान पोरांना वेगळं वाढा.

तीन ताटल्यांच्या खेळात एकीत पाणी, एकीत मुंदी, एकीत माती ठेवतात. डोळे बांधून हात टाकायचा: पाणी म्हणजे परदेश, मुंदी म्हणजे लग्न, माती म्हणजे मरण. घरात कोणी आजारी असेल तर मातीची ताटली काढून टाका, दोन ताटल्यांवर खेळ चालतो. प्रत्येकाच्या पाळीआधी ताटल्यांची जागा बदला, आणि त्या सरकवताना आवाज होऊ देऊ नका. पाणी हिंदकळलं की डोळे बांधूनही जागा कळते.