टॅबलेट किंवा ई-रीडरचं कापडी कव्हर शिवताय? या चुका टाळा

माझं पहिलं कव्हर दिसायला देखणं झालं होतं. वरून खण, आतून मऊ अस्तर, मध्ये फोम. फक्त किंडल त्यात अर्ध्यावरच अडकलं. लांबी-रुंदी मी दोनदा मोजली होती आणि ती बरोबरही होती. विसरले होते ती जाडी, उपकरणाची आणि फोमचीही. या कामातले बरेचसे घोळ तिथूनच सुरू होतात.

२०२१ सालचं किंडल पेपरव्हाइट घ्या: उंची १७.४ सेंमी, रुंदी १२.५, जाडी साधारण ०.८. रुंदीत शिलाईचे २ सेंमी मिळवून १४.५ चं कापड कापलं, तर शिवल्यावर आत १२.५ च उरतात. कडांना वळसा घालायला कापड कुठून येणार? म्हणून रुंदीत जाडी मिळवा, १३.३. सैलपणाचे ७ मिमी धरले की १४. त्यावर दोन्ही बाजूंना शिलाईसाठी एकेक सेंमी. अस्तर १६ चं कापा.

वरचं कापड मात्र १६ चं नको. ५ मिमीचा फोम दोन्ही कडांना जागा खातो, तेव्हा ते १७ चं हवं. दोन्ही एकाच मापाचे कापले की अस्तर आत गोळा होतं आणि किंडल घालताना दर वेळी त्याची चुणी पुढे ढकलली जाते. उंचीलाही हाच हिशेब, पण तिकडे एकच बाजू बंद असते, म्हणून जाडी निम्मी धरली तरी चालते. कापण्याआधी पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून उपकरणाच्या मापाचा डमी करा आणि जोखून बघायला तोच वापरा.

कव्हर आधीच घट्ट झालंय? बाजूच्या शिलाया उसवून ५ मिमी बाहेरून पुन्हा टीप मारा. दोन्हीकडून मिळून सेंटिमीटरभर जागा मिळते.

दुसरी मोठी चूक म्हणजे फोम शिलाईत घेणं. दोन फोम आणि कापडाचे चार थर घरच्या मशीनच्या पायाखाली कोंबले की टाके सुटतात, कधी सुईच मोडते. फोम चारही बाजूंनी एकेक सेंमी कमी कापा, वरच्या कापडाच्या उलट बाजूला ठेवा आणि आडव्या-तिरक्या टिपांनी आधीच पक्का करा. फोमवर मशीनचा पाय चिकटत असेल तर वर बटर पेपर ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र नको, शाई कापडाला लागते. सुई १६ नंबरची लावा, टाका ३ ते ३.५ मिमीचा ठेवा. तरीही टाके सुटले तर दोऱ्याच्या ताणाशी खेळण्याआधी नवी सुई लावून बघा. बहुतेक वेळा दोष तिचाच असतो.

इस्त्री फोम लावण्याआधीच उरकून घ्या. गरम इस्त्रीखाली फोम आक्रसतो, आणि मग त्याला सरळ करायला काही उपाय नाही. सुती अस्तर असेल तर कापण्याआधी धुऊन वाळवा. खणाचे दोरे फार सुटतात, तेव्हा त्याच्या मागे चिकटवण (इस्त्रीने चिकटणारं पातळ कापड) लावा किंवा कडांना झिगझॅग टीप मारा.

कव्हर उलटवायला अस्तराच्या तळाशी फट ठेवतो, ती ४ बोटांची ठेवून भागत नाही. फोम ताठ असतो. १० ते १२ सेंमी मोकळे सोडा.

टाचण्यांबाबत मी जरा कडक आहे. मोजून लावायच्या आणि मोजूनच काढायच्या. ई-इंक पडद्यांच्या, म्हणजे किंडलसारख्या ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यांच्या, आत बऱ्याचदा पातळ काच असते, आणि आत राहिलेल्या एका टाचणीच्या टोकाचा दाब तिला पुरतो. आता मी कपडे वाळत घालायचे चिमटेच लावते.

तोंड बंद करायला धातूची चेन लावलीत तर दातांच्या आतल्या बाजूला अस्तराची पट्टी हवी, नाहीतर काच घासली जाते. चुंबकाची बटणं दिसायला छान, पण पुष्कळ टॅबलेट आणि ई-रीडर चुंबक ओळखून झोपतात-जागे होतात. पिशवीत बटण जरा सरकलं की पडदा आपोआप लागतो आणि बॅटरी उतरते. मी साधं लाकडी बटण लावते आणि त्याला इलॅस्टिकचा फासा.