पाणी कुठं मुरतंय?

गाडीचं इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, दर आठवड्याला बोटभर खाली जातंय आणि गाडीखाली थेंब नाही, असं असेल तर मिस्त्रीकडं जायच्या आधी एवढी तयारी घरीच करा. मी केली नव्हती. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून आलो की कूलंटची टाकी उतरलेली असायची. हेड पॅकिंगच (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असं मी स्वतःच ठरवलं आणि हेड उतरवायला लावलं. पॅकिंग धडधाकट निघालं. गेलं होतं ते टाकीचं झाकण.

इंजिन गार हवं, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण लोक तापलेल्या गाडीचं झाकण उघडतात. गरम इंजिनात शंभर अंशांच्या वरचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटलं की ते उकळत तोंडावर येतं. गाडी रात्रभर उभी ठेवा, आणि सकाळी किल्ली फिरवायच्या आधी बघा.

जागा रोज तीच आणि सपाट हवी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्याला सपाट जागा शोधणं हेच निम्मं काम, पण उतारावर घेतलेली पातळी खोटी असते. टाकीवर मार्करनं खूण करा आणि वहीत तारीख, किलोमीटर लिहा. भर घालाल ती मोजून घाला, बिनसुईची सिरिंज चालते. ‘थोडंसं टाकलं’ हे मिस्त्रीच्या काही उपयोगाचं नाही. गाडी कुठं फिरली तेही लिहा. गावातल्या गावात पोवई नाका ते गोडोली आठ दिवस करून पातळी हलत नसेल आणि एका पसरणी घाटात उतरत असेल, तर दाब आणि उष्णता वाढल्यावरच कूलंट जातंय. अशा वेळी संशय आधी कुणावर? झाकणावर. मी वही ठेवली असती तर तेव्हाच कळलं असतं. आणि कूलंट नुकतंच बदललं असेल तर अडकलेली हवा निघते आणि पातळी एकदा उतरते, तेवढ्यानं घाबरू नका.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. एसीचं पाणी बिनवासाचं असतं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो. चाखून बघणारे महाभाग आहेत, ते विष आहे. कुत्री-मांजरं गोडीनं चाटतात, म्हणून सांडलं की लगेच धुवा. मग टॉर्च घेऊन होज पाइपच्या क्लिपा बघा, त्याही सकाळीच. काही सांधे गार असतानाच झिरपतात आणि तापले की फुगून बंद होतात. वॉटर पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथं वाळलेला पांढरट किंवा गुलाबी थर दिसला तर पंपाचं सील गेलं.

आता झाकण. हे नुसतं बूच नाही, आत स्प्रिंग आणि झडप असते. वर 0.9, 1.1 असा काहीतरी आकडा असतो, तो बारमधला दाब. पाण्यावर एक बार जादा दाब दिला की ते शंभरऐवजी साधारण 120 अंशांवर उकळतं, आणि घाटात इंजिन तगतं ते याच जोरावर. स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही, वाफ तिथूनच निसटते. पुठ्ठ्यावर थेंब येणार कुठून? महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडं पाणी 95-96 अंशांवरच उकळायला लागतं, तेव्हा मेलेलं झाकण तिथं आणखी उघडं पडतं. रबरी सीलवर बोट फिरवा. भेग, चपटेपणा, गळ्यापाशी वाळलेले ओघळ, काहीही दिसलं तरी झाकण बाद. बाटली वेगळी असलेल्या जुन्या गाडीत रेडिएटरचं झाकण गार असताना उघडून बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा, असं निघालं तर झाकण पाणी परत ओढत नाहीये.

आणि माझी खरी चूक इथं झाली. गॅरेजमध्ये हातपंपानं दाब देऊन तपासतात. वीस मिनिटं काटा हलला नाही, म्हणून ‘बाहेर गळती नाही, म्हणजे आत’ असा निष्कर्ष निघाला. अहो, तो पंप झाकणाच्याच जागी बसतो! अख्खी परीक्षा झाली आणि गुन्हेगार बॅटरीवर आरामात पडून होता. तेव्हा दाब दिला की लगेच विचारा, ‘झाकण लावून बघितलं का?’ झाकण पंपावर लावून तपासायचा जोड (अडॅप्टर) वेगळा मिळतो. जोड नसेल तर नवं झाकण लावून आठ दिवस वही चालवा. हेड उतरवायच्या आधी. आधी!

एवढं करूनही पातळी उतरली तर बाकीचं मिस्त्रीवर सोडा. डावीकडच्या सीटपुढचा गालिचा ओला, काचेवर चिकट धुकं असेल तर गरम कूलंट फिरतं ती हीटरची कॉइल. ऑइल दुधाळ, गरम झाल्यावरही पांढरा धूर असेल तर हेड, पण तेही टाकीत इंजिनाचा जळका वायू येतोय का ते दाखवणारी निळ्या द्रवाची चाचणी करूनच. डिझेल असेल तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर कूलंटनं गार करणारा भाग) सांगा, तो आतल्या आत सायलेन्सरमधून पाणी घालवतो.

भरायला बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड घ्या. कूलंट रंगावरून घेऊ नका, गाडीचं पुस्तक बघा. आणि दुकानात जाताना जुनं झाकण खिशात टाका, आकडा जुळवायला.